न घातलेलं विष

ऱ्हाईनकाठच्या बाझेलमध्ये, जीवनसत्त्वं बनवणाऱ्या कारखान्यात लीना त्शुदिन अकरा वर्षं एकच काम करत होती. भांड्यातल्या तेलात हायड्रोजन सोडायचा. तेलातल्या तिहेरी बंधाचा एकच पदर सुटायला हवा, दुसरा सुटला की माल वाया. म्हणून हा पदर सोडवणाऱ्या, खडूच्या भुकटीवरच्या पॅलेडियम धातूला दुसरा कामगार आधी शिसं लावून मंद करी आणि लीना वर क्विनोलिनचे सहा थेंब टाकी. कामगार त्या थेंबांना ‘विष’ म्हणत. विष पोटात गेलं की पॅलेडियम अर्ध्यावर हात आवरतं. माणसांसाठी असे थेंब मिळते तर पुष्कळ संसार टिकले असते.

विषाचा वास मात्र तीन दिवस बोटांना सोडत नसे. शनिवारी भाचीचं लग्न, नवरीची वेणी लीनाने घालायची. शुक्रवारी तिने बाटली उघडलीच नाही. शिसं आहेच की, तेवढ्यावर भागेल, असं तिने मनाशी ठरवलं. वायूचा काटा खुणेपाशी थांबला नाही आणि अख्खं भांडं फुकट गेलं.

ठपका आला शिसं लावणाऱ्या म्हाताऱ्या एमिल गीझिनवर. त्याला पिंपं धुवायला धाडलं. तो भांडला नाही. “पडलं असेल कमी. डोळे कुठे राहिलेत पहिल्यासारखे,” एवढंच म्हणाला.

लीना गप्प बसली. महिन्याभराने एमिलने तिचं दुरुस्तीला दिलेलं घड्याळ तसंच परत आणलं. घड्याळं दुरुस्त करणं हा त्याचा जीव की प्राण.

“का हो दादा?”

“दुसऱ्या कुणाला दे, लीने. ज्याला शिसं मोजता येत नाही, त्याने एवढ्याशा चाकांना हात लावू नये. भिंगसुद्धा देऊन टाकलं मी.”

लीनाने घड्याळ हातात घेतलं.

“शिसं बरोबर होतं, दादा. विष मी घातलं नव्हतं. भाचीची वेणी घालायची होती, हाताला वास नको म्हणून.”



“वेणी झाली का चांगली?”

“झाली.”

“व्हायलाच हवी. महिनाभर मी आंधळा होतो तिच्यापायी.” मग म्हणाला, “फोरमनला सांगितलंस?”

“आता जाते.”

“जा. आणि ते घड्याळ इकडे दे. भिंग मागायला मलाही जावं लागणार, तेही लाज सोडून.”

पिंपं आता लीनाकडे आली. घड्याळ एमिलने दुरुस्त केलं, पण पाठवलं दुसऱ्याच्या हाती. एमिल स्वतः द्यायला आला नाही.