स्प्रूसच्या बुंध्याशी कुंकू

ओहायोत वड कुठून आणायचा? म्हणून इथल्याच डब्लिन गावातल्या आम्ही पाचजणींनी यंदा वटपौर्णिमेला माझ्या बॅकयार्डातल्या तीन स्प्रूसपैकी मधल्याला धरलं. एकीने मीटिंग म्यूट करून फेऱ्या मारल्या. माझा नवरा खिडकीतून ओरडला, "ख्रिसमसच्या झाडाकडे सात जन्म मागताय, यार?" हसता हसता आमचा दोरा दोनदा तुटला. पुण्याहून आलेल्या सासूबाई डेकवर बसून व्हिडिओ काढत होत्या. मी हे नुसतं गंमत म्हणून करते, असं मी सगळ्यांना ठासून सांगते.

तीन आठवड्यांनी बघते तर बुंध्याशी कुंकू! मधे दोनदा धो धो पाऊस पडून गेलेला, तरी कुंकू तिथेच. उलट वाढलेलं! रंग जरा विटकरी, पण म्हटलं, जुनं झालं असेल. ग्रुपवर फोटो टाकला आणि अर्ध्या तासात चौघी हजर. "अगं, चमत्कार आहे हा!" एकीने चिमटीने उचलून सगळ्यांच्या कपाळाला लावलं. सेल्फी काढले. खोटं कशाला बोलू, मी मनातून जाम खूश होते.

मग झाडाचा शेंडा तांबडा पडायला लागला, म्हणून झाडांचा डॉक्टर बोलावला. त्याने साल सोलून तांदळाच्या दाण्याएवढे भुंगेरे दाखवले. ते सालीखाली पोखरतात आणि भुसा बाहेर ढकलतात, विष्ठेसकट. म्हणजे आमचं कुंकू! आई गं! मी कपाळ खसाखसा पुसलं, आठवडा उलटून गेल्यावर. नवरा तर जमिनीवर बसून हसत होता.

"हे झाड गेलं," डॉक्टर म्हणाला. "लगेच तोडा, नाहीतर बाजूची दोन्हीही जातील."

माझं हसू तिथेच विरलं. "पूजलेलं झाड आहे, तोडायचं नाही," मी म्हटलं.

"तू तर गंमत म्हणून..." नवरा म्हणाला.

"गप्प बस!" मला खरंच भीती वाटत होती, आणि ती त्याच्यासाठीच होती. सहा दिवस मी काही ना काही कारण काढून डॉक्टरला टाळलं.

सातव्या दिवशी सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि एकदम खुदकन हसल्या.

"अगं वेडाबाई, मी तीस वर्षं एकाच वडाला फेऱ्या मारल्या. वड अजून ठणठणीत आहे. आमचे हे मात्र पंचावन्नाव्या वर्षीच गेले." त्यांनी माझा फोन माझ्या हातात कोंबला. "लाव त्या डॉक्टरला. ती दोन तरी वाचव."