शेवटून पहिला नंबर

सोमवारी सकाळी ऑफिसात असताना विलासकाकांच्या नंबरवरून मेसेज आला, तेव्हा मला वाटलं, बेळगावच्या स्पर्धेचा निकाल असणार. स्पर्धा आदल्या दिवशीच झाली होती, आणि निकालाच्या कागदाचा वाकडातिकडा फोटो काका नेहमी सोमवारीच पाठवायचे. मी एका घराचा नकाशा पूर्ण करत होते. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत निवांत बघू. दीड तासाने उघडला, तर काकूंनी लिहिलं होतं, 'हे पहाटे गेले. झोपेतच.' त्या दीड तासात मी मनातल्या मनात काकांशी बेळगावबद्दल बोलत होते... कोण जिंकलं असेल, आणि मुख्य म्हणजे, कोण शेवटचं आलं असेल.

काका माझे नात्याने कोणी नव्हते. त्यांची सगळी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात गेली. त्यांचा मुलगा रोहित आमच्यात खेळायचा. आम्ही सात-आठ जण राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी व्हॅम्पायरचा पत्त्यांचा खेळ खेळतो. त्यात प्रत्येक खेळाडू हा एक जुनापुराणा रक्तपिपासू असतो. तो स्वतः समोर येत नाही, हाताखालचे तरुण व्हॅम्पायर पुढे करून इतरांचं रक्त संपवतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. डावीकडचा आपली शिकार, उजवीकडचा आपला शिकारी. मात्र नुसते पत्ते टाकून भागत नाही. सगळ्यांशी बोलावं लागतं, सौदे करावे लागतात, 'आत्ता मला सोड, पुढच्या फेरीत मी तुला वाचवतो' असे. प्रत्येक जण आपल्या आवडीचे ऐंशी-नव्वद पत्ते निवडून घरूनच घेऊन येतो, त्या जुळवलेल्या गठ्ठ्याला डेक म्हणतात.

रोहित नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि त्याचे पत्ते घरी राहिले. एका रविवारी काका ते खोकं घेऊन जिना चढून आले. "ह्ये कुणाला पायजे का बघा, घरात जागा अडालीया," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बघत बसले. संपूर्ण दुपार बसले. डाव संपला तसे सगळे जिंकणाऱ्याभोवती जमले. काका उठून समीरकडे गेले. खोली समीरचीच, आणि त्या दिवशी सगळ्यात आधी तोच बाद झाला होता.

"तू का हरलास रं?"

"नशीब, काका."

"नशीब मागनं बघू. आधी काय झालं त्ये सांग."

समीरला सांगता येईना. काका खोकं बगलेत मारून परत घेऊन गेले, आणि पुढच्या रविवारी स्वतःचा डेक घेऊन आले. खेळाला ते शेवटपर्यंत 'रगताचा डाव' म्हणत.

मी त्या गटातली एकटी मुलगी, आणि सगळ्यात कमी बोलणारी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरचीच असली तरी चारचौघांत बोलताना मी वाक्य आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. म्हणून मी एक वेगळा उद्योग शोधला होता. जगभरच्या स्पर्धांत कोणते डेक जिंकले याच्या याद्या इंटरनेटवर मिळतात. त्या जमवून मी तक्ते करायचे आणि सध्या कोणत्या पद्धतीचे डेक चालतात, यावर दर महिन्याला इंग्रजीत एक लेख टाकायचे, टोपणनावाने. टेबलावर न बोलताही खेळाच्या जवळ राहता यायचं.

तो लेख माझा आहे, हे काकांनी महिन्याभरात ओळखलं. कसं ते सांगितलं नाही. मला घरी बोलावलं, तक्ता बघितला आणि विचारलं, "ह्यात समदे जिंकल्यालेच हैत की. ह्योच डेक घेऊन हरले किती, त्ये कुठाय?"

ते माझ्याकडे नव्हतं. हरलेल्यांच्या याद्या कुणी टाकतच नाही. तेव्हा त्यांनी मला दुधाचा कॅन समजावला. कॅन काही वेळ उभा राहिला की स्निग्धांश वर येतो. न ढवळता वरच्यावर नमुना घेतला, की फॅट जास्त लागतं आणि दूध आहे त्याहून चांगलं दिसतं. "तू वरची साय मोजाय लागलीस, बाळ. आधी ढवळाय पायजे."

त्यानंतर आम्ही ढवळायला लागलो. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, जिथे जिथे स्पर्धा होईल तिथल्या प्रत्येकाचा डेक मिळवायचा, शेवटच्या नंबरापर्यंत. जिंकलेले आपणहून पाठवायचे, हरलेले टाळायचे. त्यांना काका फोन करायचे. "पावणं, कोल्हापुरातनं विलास बोलतोय. तुमचा शेवटून पहिला नंबर आलाय म्हणं. अभिनंदन!" पलीकडचा आधी चिडायचा, मग हसायचा, आणि मग तासभर बोलायचा. काका मध्ये फक्त "बरं... मग?" एवढंच म्हणायचे. एकेक पत्ता विचारून वहीत उतरवायचे. शेजारी बसून मी टाइप करायचे. फोन मी कधी केला नाही, आणि त्यांनीही कधी कर म्हटलं नाही.

आता एक गोष्ट, जी लिहिताना मला आजही संकोच वाटतो. त्या दिवसांत आमच्या तक्त्यात संथ डेक वर येत होते. हल्ला न करता, दबून राहून, हळूहळू ताकद जमवणारे. मला ते मनापासून पटले होते. तसाच डेक घेऊन मी सांगलीला गेले आणि वीस जणांत विसावी आले. परतल्यावर सांगलीचा तक्ता मीच केला, आणि त्यात एकोणीसच डेक लिहिले. शेवटच्या नंबराकडे कुणाचं लक्ष नसतं, हे मला ठाऊक होतं. माझी ओळ नसल्याने संथ डेकांचं चित्र आणखी छान दिसलं. लेख गेला. पंधरा दिवसांनी पुण्याची स्पर्धा होती. माझा लेख वाचून आमच्यातल्या तिघांनी आपापले डेक मोडले आणि संथ डेक बांधायला घेतले. त्यात समीरही होता.

काकांनी सांगलीच्या निकालाचा कागद घेऊन खुर्च्या मोजल्या. पाच टेबलं, चार-चार जण, आणि डेक एकोणीस. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो होतो. माझा फोन वाजला. बघितलं तर स्क्रीनवर काकांचंच नाव. वर पाहिलं, तर ते फोन कानाला लावून खिडकीबाहेर बघत बसलेले.

काकू ओट्याजवळून म्हणाल्या, "अवं, पोरगी म्होरं बसलीया की!"

काकांनी त्यांना हातानेच थांबवलं. मी फोन उचलला.

"पावणं, कोल्हापुरातनं विलास बोलतोय. सांगलीला तुमचा शेवटून पहिला नंबर आलाय म्हणं. अभिनंदन! सवड हाय न्हवं?"

माझा चेहरा तापला होता. उठून जावंसं वाटत होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, एकदाही नाही... आणि त्यामुळेच बहुधा मला बोलता आलं. मी फोनमध्ये सांगितलं, की तिसऱ्या फेरीत समोरच्या बाईंना मदत हवी होती. मी नुसतं विचारलं असतं तर आम्ही दोघी वाचलो असतो. वाक्य मनात तयार होतं. मी विचारलं नाही. नंतर चौथ्या फेरीतही नाही.

"बरं... मग?"

"मग संपले."

"म्हंजे डेक हरला न्हाय."

"नाही. मी बोलले नाही, म्हणून हरले."

काकांनी वही पुढे ओढली. "लिवू का नगं, त्ये तुमी सांगा. डेक तुमचा हाय."

काकूंनी गॅस बारीक केला. मी म्हटलं, "लिहा."

"नाव?"

"अनुजा."

त्याच दिवशी मी दुरुस्तीचा लेख टाकला. विसावी ओळ माझी आहे, ती मी लपवली होती, आणि हा डेक बोलणाऱ्यांचा आहे, गप्प बसणाऱ्यांनी घेऊ नये, एवढंच त्यात होतं. खाली पहिल्यांदा माझं खरं नाव. रविवारी खोलीत सगळे माझी चेष्टा करतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे करणार नाहीत, अशी मला भीती होती. समीर म्हणाला, "मग मला चालंल की ह्यो डेक. मी कवा गप बसतोय व्हय?" आणि सगळे हसले. मीही. पुढच्या महिन्यात कधी नव्हे ते तीन हरलेल्यांनी आपणहून डेक पाठवले, कसे हरलो ते सविस्तर लिहून.

चूक सांगितल्यावर माणूस लहान होत नाही, हे मला खूप जणांनी सांगितलं असतं. काकांनी ते सांगितलं नाही. त्यांनी मला फक्त इतर हरणाऱ्यांसारखं वागवलं, तितक्याच आदराने, तितकेच प्रश्न विचारून. याबद्दल त्यांचे आभार मानायचं वाक्य माझ्या मनात कितीतरी दिवस जुळवलेलं होतं.

बेळगावचा निकाल नंतर आला. मी तक्ता केला. एक ओळ रिकामी राहिली, शेवटची. निपाणीचा महांतेश. तो आमच्या ग्रुपवर नाही, स्पर्धेपुरता भेटतो. तीन आठवडे मी ती ओळ तशीच ठेवली. परवा दुपारी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं आणि फोन लावला. कोल्हापुरातून बोलतेय, एवढंच सांगितलं होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "हां अक्का, बोला की. काका कुठायत? दर येळी दोन-तीन दिसांत फोन येतोय त्यांचा. म्हटलं, ह्या बारीला इसरले काय."

कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी त्याला सांगितलं.

त्याच्या मागे कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजत होता.

"अक्का," मग तो हळूच म्हणाला, "म्या डेक मोडला न्हाय अजून. काका एकेक पत्ता इचारत्यात, मोडला की सांगाय येत न्हाय. म्हणून तीन आठवडे तसाच बाजूला ठेवलाय... सांगू?"

"सांगा," मी म्हटलं. "सावकाश सांगा. मला वेळ आहे."