प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलेली गोष्ट

दानियलकाका गेल्याचा फोन रजनीकाकूंनीच केला. सकाळचे सव्वासात झाले असतील, मी शाळेत निघायला मोजे चढवत होतो. "विनोद, तुहे काका गेले. ये," एवढंच बोलल्या. मी त्यांच्या गावी, मुर्रीला पोचलो तेव्हा त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, पलंगाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "बस त्यायच्याजवळ. तूच त्यायचा जवळचा." त्याला आता पाच आठवडे झाले. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळताना ते वाक्य मध्येच ऐकू येतं आणि हात थांबतो. कारण ते खरं होतं... आणि ते खरं का झालं, हे फक्त मला माहीत होतं.

काका रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. बरीच वर्षं सौंदड स्टेशनवर काढली, निवृत्तीनंतर मुर्रीला दोन खोल्यांचं घर बांधलं. बुधवारी दुपारी चारला त्यांच्याकडे बायबलचा अभ्यास चाले. आम्ही सहा-सात जण असू. पद्धत त्यांची स्वतःची होती. एक वचन दोनदा वाचायचं, मग गप्प बसायचं, मग ज्याची पाळी असेल त्यानं ते घरच्या बोलीत सांगायचं. पुस्तकी मराठी कानावर पडली की काका हात आडवा करत, "सिग्नल नाही भेटला. मागं घे गाडी." एकदा मी 'प्रभू करुणेनं द्रवला' असं काहीसं बोललो, तर म्हणाले, "द्रवला म्हनजे? तूप आहे काय तो?" सगळे हसले. मग स्वतःच हळू आवाजात म्हणाले, "त्याच्या पोटात तुटलं, असं म्हन." मी जन्मापासून ख्रिस्ती, पण देव माझ्यासाठी रविवारच्या शर्टासारखा होता, इस्त्रीचा, घडी मोडू नये असा. मुर्रीच्या त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की याच्यावर माया करता येईल.

मग त्यांचा अमोल गेला. सव्वीस वर्षांचा एकुलता मुलगा, नऊ दिवसांचा ताप. काकांनी एकच बुधवार चुकवला आणि पुढच्या बुधवारपासून पुन्हा वाचायला बसले. आम्ही थक्क झालो, चर्चमध्ये त्यांच्या विश्वासाची उदाहरणं द्यायला लागलो. असे आठ महिने गेले. एका दुपारी बाकीचे उठून गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "मी वाचतो, तुमाले सांगतो. पन अमोल गेल्यापासून माह्यानं प्रार्थना होत नाही, विनोद. डोळे मिटले का तोच दिसते. ज्यानं त्याले नेलं त्याच्यावर भरोसा कसा करू?" मग बायबल मिटून म्हणाले, "हे तुह्या काकूले माहीत आहे, नि आता तुले. आपल्यातच ठेवजो."

आमच्या मंडळीत शनिवारी सकाळी पुरुषांची प्रार्थना असते. आधी गोल बसून प्रत्येकानं विनंती सांगायची. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या पोरीचं लग्न जमत नाही, कोणाची बदली. त्या गोलात जे बोललं जातं त्याला कोणी चुगली म्हणत नाही, ती प्रार्थना विनंती. माझी पाळी आली आणि मी म्हणालो, "दानियलकाकांसाठी प्रार्थना करू या. त्यांचा विश्वास ढासळला आहे. आठ महिन्यांत त्यांनी प्रार्थना केलेली नाही." मला त्यांची काळजी होती, हे खरं आहे. पण आठ तोंडं एकदम माझ्याकडे वळली, आणि यांना जे माहीत नाही ते मला माहीत आहे, याचं सुख त्या काळजीहून मोठं होतं. हे मी आजवर स्वतःशीही बोललो नव्हतो. त्यांच्यासाठी सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली, एक-दोघं रडले. मीही रडलो.

गोष्ट त्या गोलातून बाहेर गेली आणि पंधरा दिवसांच्या आत पास्टर काकांच्या घरी जाऊन आले. फार नम्रपणे सांगितलं म्हणे, काही दिवस आराम करा, डळमळीत मनानं शिकवू नये. अभ्यास चर्चच्या हॉलमध्ये गेला. काकांनी मला बोलावून घेतलं. मी समोर बसलो, काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. काका म्हणाले, "दोघालेच माहीत होतं. तू तं असं करनार नाही. हिनंच बायांमध्ये सांगितलं." काकू म्हणाल्या, "मी नाही सांगितलं." आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा संशय नव्हता, फक्त माझी साथ हवी होती. मी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून तळाला गेलं, आणि मी कपातच बघत राहिलो. त्या आठ जणांनीही काकांना कधी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनाही मान खाली घालावी लागली असती.

पुढची तीन वर्षं बुधवारी आम्ही दोघंच बसलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात खोल अभ्यास तो. काका स्तोत्रांतली तक्रारीची स्तोत्रं शोधून काढत, जिथं माणूस देवाला थेट जाब विचारतो. एक दिवस पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे पाह्य. हा मानूस देवासंगं भांडून राहिला. नि देवानं ते पान फाडलं नाही. आपल्याच पुस्तकात ठेवलं." त्या दिवशी त्यांनी तीन-चार वाक्यांची प्रार्थना केली. भांडणासारखीच होती, पण प्रार्थना होती. शेवटच्या वर्षात तर ते देवाशी असं बोलत, जसं शेजारच्या फाटकावरच्या माणसाला हाक मारावी. भरोसा असाही परत येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मात्र काकू चहा घेऊन आल्या की ते बोलणं थांबवत. कप ठेवून त्या गेल्या की पुन्हा सुरू. प्रत्येक बुधवारी मी ठरवून जायचो, आज सांगायचं. आणि प्रत्येक बुधवारी ते मला आणखी एखादी मनातली गोष्ट सांगायचे, मग माझ्यानं सांगवत नसे. असंच करत ते निघून गेले.

दफनानंतर तिसऱ्या आठवड्यात मी काकूंकडे गेलो आणि उभ्यानंच सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, "त्यायनं तुले बोलावलं त्या दिवशी, तू घरी गेल्यावर, मी बायबलवर हात ठेवला होता रे. म्हटलं, कसम घेतो, मी नाही सांगितलं. त्यायनं माह्या हाताखालून बायबल काढून घेतलं. म्हने, याच्यावर हात ठेवून खोटं नको बोलू." पुढं म्हणाल्या, "तवापासून मी बायबलाले हात नाही लावला. नि तू तीन वर्षं माह्या हातचा चहा पीत राहिला."

मी माफी मागायला तोंड उघडलं. "ते राहू दे," त्या म्हणाल्या. "पेपरात लिह्य. मंडळीतले सारे वाचतात रविवारचा पेपर." म्हणून हे लिहिलं. नावं मात्र घरात हाक मारायचीच ठेवली आहेत, आडनावं नाहीत; ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. मी निघालो तर म्हणाल्या, "नि दुसरं. त्यायनं तुले काय काय सांगितलं, ते मले सांग. पहिल्यापासून. काही गाळू नको."

गेल्या बुधवारी गेलो. काकूंनी चहा विचारला नाही, पदर खांद्यावर घट्ट ओढून समोर बसल्या. मी आठवेल तसं सांगत गेलो. अमोल लहानपणी सौंदडला प्लॅटफॉर्मवर हरवला आणि मालगाडीच्या गार्डच्या डब्यात झोपलेला सापडला, तेव्हा काकांनी आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना केली होती, हे सांगितलं. काका काय म्हणाले होते तेही सांगितलं: "म्हटलं, देवा, हा भेटला तं मी बिडी सोडतो. भेटला, पन बिडी काही सुटली नाही... देव तवापासून माह्यावर रुसून आहे वाटते." काकू खुदकन हसल्या. खरंच हसल्या, तोंडावर हात ठेवून. मग तो हात तसाच राहिला, खांदे हलायला लागले. मी थांबलो.

"थांबू नको," त्या म्हणाल्या. "सांग. माहंच होतं ते सारं."