‘सोड’ म्हणजे काय सोड

पैसे भरून ट्रक शिकायचा, ही गोष्ट मला आजही पचलेली नाही. मी शिकलो तो उस्तादाच्या हाताखाली. टायर धुतले, काचा पुसल्या, चुकलो की बोटांवर पान्याचा फटका खाल्ला. माझ्या मुलीने मात्र कळंबोलीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रीतसर नाव घातलं. तिथे म्हणे फळ्यावर घाट काढून शिकवतात. मी घरी भरपूर टिंगल केली.

“फळ्यावर ब्रेक लागतो काय गो?”

“तुमचं काय, पप्पा? तुम्ही घाटातसुद्धा गिअर काढून मोकळे.”

हे मात्र खरं होतं. आम्हा जुन्या ड्रायव्हरांची ती खोडच. उतार लागला की गिअर काढायचा, गाडी न्यूट्रलवर घरंगळू द्यायची आणि डिझेल वाचवायचं. आमच्यात त्याला नुसतं ‘सोड’ म्हणतात. लहानपणी ती सुट्टीत माझ्या शेजारी बसून यायची, तेव्हा उतार आला की टाळ्या पिटत ओरडायची, “सोडा पप्पा, सोडा!” आणि मी सोडायचो. ड्रायव्हिंग स्कूलने तिला सांगितलं की हे पाप आहे. गिअर काढला की इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटी लागतच नाहीत. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माझं निभावलं होतं.

मग साखरेने माझी नजर अधू केली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. ट्रक विकायचा, नाही तर मुलीने चालवायचा. ती म्हणाली, मी चालवते. तिची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “एक फेरी तुमी शेजारी बसून जा. एकटीला धाडायचं का नाय, ते मग बघू.”

जाताना घाट चढून गेलो, काही वाटलं नाही. परतीला पुण्याहून फरशा भरल्या, आता तोच घाट भरल्या गाडीने उतरायचा होता. घाटाच्या तोंडाशीच तिने खालचा गिअर टाकला. इंजिन घोंघावायला लागलं. डिझेल जळताना मला कानांनी ऐकू येत होतं, मागचे हॉर्न वाजवत होते. माझा पाय नसलेला ब्रेक सारखा दाबत होता.

थोडं उतरलो आणि वास आला. तापलेल्या ब्रेकचा वास मला झोपेतही कळेल. बघतो तर तिचा पाय ब्रेकवर ठेवलेलाच. गिअर बरोबर होता, पण भीतीने तिला पाय उचलवत नव्हता. भरलेला माल मागून कसा रेटतो, हे स्कूलच्या मैदानातल्या रिकाम्या ट्रकवर तिला कळणार कसं? मी ओरडलो, “सोड! सोड ना!”

मला म्हणायचं होतं, ब्रेकवरचा पाय सोड. तिने गिअर काढला.

इंजिनाचा आवाज एकदम पडला. ट्रक सुटला, समोर वळण. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आता काय बोलू, आणि ती काय ऐकेल? जन्मभर ही जीभ मी हवी तशी चालवली, आता तिचीच भीती वाटली. पोरगी मरणार, आणि माझ्या शब्दाने मरणार, एवढंच डोक्यात होतं.

“आधी वेग, मग गिअर,” ती पुटपुटली. फळ्यावरचंच काहीतरी असावं. तिने सगळी ताकद लावून ब्रेक दाबला. धूर निघाला, पण ब्रेक अजून लागत होता. वेग पडल्यावर तिने क्लच दाबला, एकदा रेस दिली आणि गिअर करकरत बसला. इंजिन पुन्हा ओरडायला लागलं तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

खाली उतरल्यावर तिने ट्रक बाजूला लावला.

“गिअर का काढलास?”

“तुम्ही सोड म्हणालात.”

“मी ब्रेकचं बोललो!”

“मला कसं कळणार? तुमच्या तोंडी सोड म्हणजे एकच. एवढं शिकले पप्पा, पण तुमचा आवाज आला आणि हात आपोआप गेला.” ती रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, “पुढच्या फेरीला तुम्ही येऊ नका.”

मला राग आला. नंतर राग गेला आणि नुसती भीती उरली, ती अजून आहे.

पुढच्या फेरीला कळंबोलीहून ती एकटीच निघाली. मी सोडायला गेलो होतो. एरवी दुसऱ्या कुणाचा ट्रक निघताना दारावर थाप मारून मी “सोड गाडी!” असं ओरडतो. त्या दिवशी तो शब्द मी उच्चारला नाही.

“हळू जा,” एवढंच म्हणालो.

इंजिन चालू होतं, पण ट्रक हलेना. मला वाटलं, घाबरली. तिने खिडकीतून खाली वाकून बघितलं. दाराची कडी मी अजून घट्ट धरून उभा होतो.

“पप्पा,” ती म्हणाली, “सोडा आता.”