नानांचे दोन किडे

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, भर वैशाखातही खांद्यावर जाड सोलापुरी चादर टाकून हिंडायचे. आमच्या अवसरी गावात लोक विचारायचे, नाना, हिव वाजतंय का? नाना हसायचे नाहीत. त्यांच्या जिवाला कायम घोर.

तरुणपणी ते भीमाशंकरच्या जंगलात रोपं लावायला जायचे. तिथले दोन किडे डोक्यात बसले ते बसलेच. एक आग्यामाशी. धूर लागला की अख्खं मोहोळ उठतं आणि जो हलेल त्याच्यावर तुटून पडतं. दुसरा काडीकिडा, हुबेहूब वाळकी काडी. शेजारी पाखरू बसलं तरी ढिम्म. माणसंही नानांच्या लेखी या दोनच जातींची. मी आग्या, हे सांगायला नकोच.

"आग्या उठली का पळायचं न्हाई. चादर घ्यायची आन् काडीकिडा व्हायचं," हे रोजचं. माझ्या चिमुरड्या लेकीशी खेळही हाच. नानांनी टाळी वाजवली की ती चादरीखाली गप्प, पुन्हा वाजवली की बाहेर. पोरीला भित्री करून ठेवतील म्हणून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

बुद्धपौर्णिमेला आम्ही जुन्नरच्या लेण्यांवर जायचो. पायथ्यालाच नाना सगळ्यांच्या उदबत्त्या काढून घ्यायचे. वर कपारीत आग्यामाश्यांची पोळी, म्हणून फक्त फुलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका वर्षी परगावची मंडळी आमच्या आधी वर पोचली होती. बिचाऱ्यांनी भक्तिभावानं नेमक्या पोळ्याखाली उदबत्त्यांचा जुडगा पेटवला. धूर दिसला आणि नाना पांढरेफटक पडले. खाली चला म्हणेपर्यंत मोहोळ उठलं. पळापळीत लेकीचा हात माझ्या हातून सुटला. गर्दी मला खालीच रेटत होती.

नाना गर्दी कापत उलटे वर धावले. टाळी वाजवली, पोर होती तिथंच बसली, तिच्यावर चादर टाकली. मग हात हलवत, आरडाओरडा करत ते दुसऱ्या बाजूला पळत सुटले. जन्मभर पळू नका सांगणारा माणूस. माश्या सगळ्या त्यांच्या मागे गेल्या.

नाना दुसऱ्या दिवशी गेले. त्याआधी जुन्नरच्या दवाखान्यात, सुजून डोळे मिटलेले, त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी हालली का?"

नाही म्हटलं. एकही डंख नाही. पण इकडे येताना जीपमध्येही चादरीतून बाहेर आली नाही, आता बाकड्यावर तशीच बसलीये. तुमच्या टाळीची वाट बघतेय.

नानांचे हात उचलत नव्हते.

"मंग तू वाजव," ते म्हणाले.

मी वाजवली.