चौघींचा सामना

आमच्या छोट्या विद्यापीठात व्हर्लिन शोनहाल्स मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच होती. कोच म्हणजे सगळंच. गाडी तीच चालवायची, घामट जर्सी तीच धुवायची आणि हरून परतताना मुलींना सँडविचही तीच वाटायची. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या त्या सपाट गव्हाच्या मुलखात हरून परतायचे रस्ते फार लांबचे. आमच्या विद्यापीठात होणाऱ्या सामन्यांना मी घड्याळ सांभाळायचो, त्यामुळे बाकावरून उठताना तिचं कण्हणं मला ऐकू यायचं.

त्या हिवाळ्यात संघ बंद करायचं वरून ठरलं. बऱ्याच मुली लगेच दुसरीकडे गेल्या, काही जायबंदी झाल्या. आमच्याकडेच झालेल्या शेवटच्या सामन्याला जेमतेम पाच उरल्या. त्यातही उत्तरार्धात एकीचा घोटा मुरगळला आणि तिला उचलून बाहेर आणावं लागलं. राहिल्या चौघी.

समोरचा कोच कर्टिस प्रुइट भला माणूस. त्यानं आपलीही एक मुलगी बाहेर बोलावली.

व्हर्लिन तरातरा त्याच्याकडे गेली. "हे काय चाललंय?"

"चारास चार. बरोबरीचं होईल."

"पाठव तिला परत. आम्हाला हरायची सवय आहे. कुणाची कीव नकोय."

"कीव कसली गं? खेळात मजा तर येऊ दे."

"मजा! मजा संपून जमाना झाला, कर्टिस."

आमची कप्तान येसेनिया गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. ती म्हणाली, "कोच, मान तुमचा आणि पळायचं आम्ही, होय? पाय गळून पडायला आलेत माझे. चार तर चार!"

बाकीच्या तिघी फिसकन हसल्या. व्हर्लिन म्हणाली, "खरंय बाई. पळायचं तुम्हाला आहे," आणि बाकावर जाऊन बसली.

हरल्या त्या हरल्याच. पण शेवटची शिट्टी झाली तेव्हा आठही जणी जमिनीवर आडव्या पडून हसत होत्या. व्हर्लिन एकेकीला पाण्याची बाटली देत फिरली, कर्टिसच्या मुलींनासुद्धा.

संघ बंद झाला. येसेनियानं शिक्षण इथंच पुरं केलं. व्हर्लिनला विद्यापीठानं गोल्फचा संघ देऊ केला होता. "आता कुणाला जिंकवायची ताकद नाही माझ्यात," म्हणाली आणि संघाच्या गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवून गेली.