फ्रेममधली पावलं

नवऱ्यापासून मी सहसा काही लपवत नाही. लपवून उपयोगही नसतो. ते मोखाड्याच्या ऑफिसातून संध्याकाळच्या बसने जव्हारला घरी येतात, चपला काढता काढता माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, आज काय सांडलंस? पण ही एक गोष्ट त्यांनाही माहीत नाही. माझ्या आईला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी ती कधी तोंडातून बाहेर काढलेली नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे जीभ उचलत नाही माझी.

सुरुवात मशीनपासून करते. तेवढं सोपं आहे.

आमच्या खिडकीखालच्या टेबलावर एक छोटं मशीन आहे, साधारण पावाच्या लादीएवढं. रंगीत चिकट कागद, त्याला व्हिनाइल म्हणतात, तो त्यात सरकवायचा. लॅपटॉपवर अक्षरं किंवा चित्र मांडायचं. आतलं बारीक पातं ते नेमकं कापून देतं. मग नको तो भाग चिमट्याने उचलून टाकायचा, आणि उरलेलं मगवर, बाटलीवर, डब्यावर चिकटवायचं. एका संक्रांतीला मी हळदीकुंकवाचं वाण म्हणून बायकांना त्यांच्या-त्यांच्या नावाच्या बरण्या दिल्या आणि तेव्हापासून गावात माझं नाव झालं. कुणाच्या बारशाला पाळण्यावर नाव, कुणाच्या रुखवतातल्या डब्यांवर उखाणे, गौरीच्या दिवसांत उंबरठ्यावर चिकटवायची पावलं — हो, पावलंसुद्धा. सगळं भेट म्हणून. हातचं काहीतरी दिलं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते बघायची मला चटकच लागली होती.

घरचे मात्र त्याला खेळणं म्हणायचे. नवरा प्रेमाने म्हणायचे, आणि मालूताई — म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, मोखाड्याला दिलेली — ती जरा नाक मुरडून म्हणायची. तिचं माझ्याबद्दलचं मत लग्नाच्या पंगतीतच ठरलं होतं: सुजाता धांदरट आहे. खोटं तरी कसं म्हणू? त्या पंगतीत मी तिच्याच साडीवर आमटी सांडली होती.

त्या मशीनला मान दिला तो एकट्या सासूबाईंनी. त्या वांगणीच्या. लहानपण सगळं भातात आणि नागलीत गेलेलं. लिहिणं-वाचणं बेताचं, पण डोळा तीक्ष्ण. मी अक्षरं कापली की त्या खिडकीशी बसायच्या आणि चिमट्याने मधला-मधला कागद वेचून काढायच्या. तासन्‌तास. कधी एखाद्याच्या नावाची वेलांटीच उपटून ठेवायच्या आणि वर मलाच विचारायच्या, ही लोंबत होती, ठेवायची होती का? एकदा म्हणाल्या, "भात बेणला, नागली बेणली, आता तुझी नावं बेणते, बाय." शेतातलं तण काढायचं, त्याला त्या बेणणं म्हणायच्या. माझ्या हातचं म्हणून ज्या वस्तूंचं कौतुक झालं, त्यांतल्या अर्ध्या त्यांच्या हातच्या होत्या. हेही मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण आज सांगायची गोष्ट ती नव्हे.

पुढे त्यांचं चालणं थांबलं. पाय सुजायचे. शेवटचे कित्येक महिने मी रोज संध्याकाळी त्यांच्या पायांना तेल लावलं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही — पुढे कळेलच का सांगतेय ते.

त्या गेल्या तेव्हा श्रावण होता. पहाटे गेल्या, झोपेत. मालूताईला फोन केला, ती मिळेल त्या जीपने निघाली, आणि वाटेत रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. ना पुढे ना मागे. इकडे घरात माणसं जमली. पावसाने थोडी उघडीप दिली तेव्हा थोरली मंडळी म्हणाली, आता थांबू नका. आमच्याकडे माणूस गेलं की उचलायच्या आधी तळपायांना कुंकवाचं पाणी लावून पांढऱ्या कापडावर ठसे घेतात. ते मी घेतले. एकेक पाय हातात धरून, कापड खालून टेकवून. मनात एवढंच होतं, ताईला निदान हे तरी मिळू दे. ती पोचली तेव्हा सगळे स्मशानातून परत येत होते. तिने आईचं तोंड पाहिलं नाही. तिला ते कापड मिळालं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ती एकदा मुद्दाम जव्हारला आली. मांडीवर पिशवी, पिशवीत खण, खणात ते कापड. कुंकू वाळून पापुद्रे सुटत होते. ती म्हणाली, घडी उघडली की थोडं-थोडं झडतं, एक दिवस काहीच उरायचं नाही. तुझ्या मशीनवर हे कापून देशील का, लाल रंगात, फ्रेममध्ये? तिने माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. खेळण्याकडे मागितलं होतं! माझा आनंद काय सांगू तुम्हाला. जाताना तिने कापड माझ्या हातात दिलं आणि माझे हात आपल्या हातांनी मिटवले.

"आईच आहे ही, सुजाता. सांभाळून."

आता इथून पुढे मला लिहायला वेळ लागतोय. मध्ये उठून चहा टाकला, तो उतू घालवला, पुन्हा येऊन बसले.

झालं ते इतकं साधं आहे की सांगायची लाज वाटते. कापडाचा फोटो काढायचा होता. फोटो लॅपटॉपवर घेतला की त्याची कड मशीनला कळते. पण कापडाला घड्या पडल्या होत्या. उशीचा अभ्रा असो, मुलांचा टीशर्ट असो, काम सुरू करण्याआधी मी कापड सपाट करते — पाण्याचा फवारा मारते आणि इस्त्री फिरवते. हात सवयीने गेला. फवारा मारला. डोळ्यांसमोर कुंकू विरघळायला लागलं, आणि मी काय केलं? टिपून घ्यायला म्हणून वरून इस्त्री दाबली. उचलली तेव्हा सगळं कापड गुलाबी झालं होतं. टाच नाही, बोटं नाही. आधी एक फोटो तरी? नाही काढला. घड्यांसकट वाईट येईल म्हणून नाही काढला.

त्याच वेळी फोन करायचा होता. ताई, माझ्या हातून आई पुसली गेली — एवढं एक वाक्य. ती रडली असती, बोलली असती, कदाचित वर्षभर आमच्याकडे आली नसती. पण तिला खरं कळलं असतं. फोन माझ्या हातात होता, तिचं नाव समोर होतं. आणि मला काय आठवलं सांगू? लग्नातली आमटी. ती म्हणेल, मला वाटलंच होतं. तेवढ्याच भीतीपायी मी फोन खाली ठेवला. दुःख वगैरे नंतर आलं. आधी आली ती अब्रू.

मग म्हटलं, आठवून काढू. रोज हातात घेतलेले पाय, ते काय आठवायचे? कागद घेतला, पेन्सिल घेतली. आणि आठवेना. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं की आखूड? टाच रुंद होती ना? भेगा आठवत होत्या, तेलाचा वास आठवत होता, त्या मध्येच "बस कर, हात दुखतील" म्हणायच्या ते आठवत होतं. पण आकार नाही. म्हणजे इतके महिने मी तेल लावत होते तेव्हा बघत कुठे होते? माझं लक्ष बहुतेक टीव्हीकडे असायचं. ही गोष्ट मला इस्त्रीपेक्षाही जास्त छळते.

दुपार होती, घरात मी एकटी. ताटात कुंकू कालवलं, पांढरा रुमाल जमिनीवर पसरला आणि त्यावर माझे स्वतःचे पाय टेकवले.

हो. माझे.

जिवंत माणसाने असे ठसे देऊ नयेत म्हणतात. मला भीती वाटलीही, पण फोन करण्याच्या भीतीहून कमी. मग फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला. माझ्या पायाला कमान आहे, ठशात मध्ये मोकळी जागा राहते. ती मी भरून टाकली. शेतात चाललेले पाय म्हणून टाच रुंद केली, बोटं जरा फाकवली. लाल व्हिनाइल सरकवलं. कापून झाल्यावर खिडकीशी बसून एकटीने वेचलं. फ्रेम बंद करण्याआधी ते गुलाबी कापड घडी करून मागे घातलं आणि पाठीला चिकटपट्टी लावली. ताईला सांगितलं, मूळ ठसे आतच आहेत, उघडू नका, हवा लागली की झडतील. किती विचार करून बोलले बघा.

तिने फ्रेम हातात घेतली. मी दारात उभी, पळायच्या तयारीत. मग तिने काचेवरून बोट फिरवलं आणि उजव्या पायाच्या करंगळीवर थांबली. माझी ती करंगळी आत वळलेली आहे, लहानपणी दारात सापडली होती. ते बदलायला मी विसरले होते. ताई म्हणाली, "हीच गं आईची करंगळी. अशीच होती." आणि फ्रेम उराशी धरून रडायला लागली. मीसुद्धा रडले. तिने मला जवळ घेतलं. त्यानंतर तिने मला कधीही धांदरट म्हटलेलं नाही.

सासूबाईंची करंगळी खरंच तशी होती का? असेल. नसेल. मला कधीच कळणार नाही, आणि आता तिलाही नाही. तिच्या आठवणीत माझं बोट जाऊन बसलंय.

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेल. नवरा म्हणाले, आपल्याकडेही अशी एक फ्रेम हवी. मशीनला काय, बटण दाबलं की दुसरी जोडी तयार. आमच्या देव्हाऱ्याशेजारी ती लागली. रोज सकाळी बस पकडायच्या आधी हे डोळे मिटून तिला नमस्कार करतात. सुरुवातीला माझ्या तळपायांना अक्षरशः गुदगुल्या व्हायच्या — हसा, मीही एकटी असले की हसते. मग हसू जातं. सणावाराला मीसुद्धा त्यांच्या शेजारी उभी राहून स्वतःच्याच पायांना हात जोडते. वांगणीला सासूबाईंच्या माहेरी कळलं, त्यांनीही मागितली. तिथे त्यांचे थोरले भाऊ आहेत, फार थकलेले. त्यांनी काचेला कपाळ लावलं तेव्हा मी अंगणात जाऊन उभी राहिले.

मालूताई फोनवर सांगते, आज मन लागत नव्हतं, आईपाशी बसले, बरं वाटलं. कधी म्हणते, तुझे उपकार आहेत माझ्यावर. मी म्हणते, काहीतरीच काय ताई. कधीकधी वाटतं, तिला बरं वाटतंय ना, मग झालं. ते मी मनातल्या मनात म्हणून बघितलंय. दिवसभरसुद्धा टिकत नाही. तिने आई मागितली होती आणि मी तिला स्वतःलाच दिलं.

या वर्षी तिच्या लेकीचं, पल्लवीचं, लग्न झालं. ताईने आधीच सांगितलं होतं, पोरगी नाशिकला जातेय, आजीची पावलं तिच्याबरोबर द्यायची, तुझ्याकडून हीच भेट. म्हणजे मला आणखी एक संधी मिळाली होती, नाही का? मशीनसमोर बसले. लॅपटॉपवर ती पावलं उघडली. मोखाड्याला जीपने जायला कितीसा वेळ लागतो — जाऊन समोर बसून सांगता आलं असतं. मी लाल कागद सरकवला. कापला, वेचला, फ्रेम केली, वर सोनेरी कागद गुंडाळला.

पाठवणीच्या वेळी ताईच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पल्लवीने आधी भिंतीवरच्या फ्रेमपुढे डोकं टेकलं, मागे ताई डोळ्यांना पदर लावून उभी. मग एकेका थोरल्या माणसाच्या पाया पडत पोरगी माझ्यापर्यंत आली आणि वाकली. मी मागे सरले. पाय साडीच्या निऱ्यांत ओढून घेतले.

"मामी, पाय कुठे लपवतेस?"

सगळे हसले. मीही हसले, आणि पाय पुढे केले.